पांढऱ्या कुत्र्याला उजेड कमी लागतो

सुरत, १४ नोव्हेंबर २०२४

ती. सुधावहिनी,

मुकुंदाचा साष्टांग नमस्कार. गुडघा दुखतो आहे, तेव्हा आठातली दोन अंगं वजा करून घ्यावीत.

प्राजक्ताने फोनवर सांगितलं की मोबाईलवर टाइप करताना तुमचा अंगठा थरथरतो आणि व्हिडिओ कॉलचं नाव काढलं की तुम्ही भिंतीकडे तोंड करता. गळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही पाटीवर लिहून बोलता, त्यामुळे लेकीच्या घरात तुमचा दरारा वाढला आहे, असंही कळलं. साहजिक आहे. बोललेलं ऐकलं नाही असं म्हणता येतं, लिहिलेलं वाचलं नाही असं म्हणता येत नाही. म्हणून पत्रं लिहायची तुमची कल्पना मला पटली. शाळेने मराठी वर्ग बंद केले, त्यांच्याबरोबर माझं संस्कृतही गेलं आणि मी मुदतीआधीच निवृत्त झालो. आता माझ्या सुवाच्य अक्षराला तुमच्याशिवाय गिऱ्हाईक नाही.

तुमचा फ्लॅट ठीक आहे. किल्ली माझ्याकडे आहे. लोचो वरच्या मजल्यावर माझ्याकडे शेपूट हलवत रुळतो आहे. डॉक्टरांनी दिलेली हृदयाची गोळी केळ्यात घालून देतो. तो केळं खातो आणि गोळी माझ्या चपलेत काढून ठेवतो. मग दुसरं केळं. खोकला आहे, पण कमी आहे.

नाशिकला जाताना तुम्ही गाडीच्या काचेतून खूण केली होती, की याचा एक चांगला फोटो पाठवा. मी मोबाईलवर काढले. सगळ्यांत लोचो म्हणजे ढगात विरलेला ढग. दादाने त्याचं नाव अगदी बरोबर ठेवलं होतं, ताटात सांडलेला सुरती लोचोच, फसलेल्या ढोकळ्यासारखा. शेवटी त्याला घेऊन कतारगामला कुंदनभाईंच्या स्टुडिओत गेलो. हे गृहस्थ वीस वर्षं साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढत होते. आता कधी जन्माला न आलेल्या बायका संगणक बनवतो आणि त्याच साड्या नेसवतो. म्हणून कुंदनभाई कुत्र्यामांजरांकडे वळले. म्हणाले, संगणकाला कोणाचंही कुत्रं करता येतं, पण ह्यांचं कुत्रं करता येत नाही. मला हे वाक्य एखाद्या सूत्रासारखं वाटलं. मी म्हटलं, फोटो नको, मला शिकवा. त्यांना कुत्र्यांशी न चिडता बोलणारा माणूस हवाच होता.

तेव्हा बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी आहे. औषधं वेळेवर घ्या. तुमची खोली झाडून ठेवली आहे.

तुमचा
मुकुंद


नाशिक, २४ नोव्हेंबर

मुकुंदभाऊजी,

पत्र मिळालं. प्राजक्ताने वाचून दाखवायला मागितलं, दिलं नाही. माझं मीच दोनदा वाचलं.

इकडे किमोची सुई झाली की चार दिवस तोंडाला लोखंडाची चव असते. पाचव्या दिवशी भूक लागते आणि मग सहाव्या दिवशी कोणीतरी पुढची तारीख सांगतं. डॉक्टर मुलगा चांगला आहे. माझ्याशी मोठ्याने बोलतो. मी पाटीवर लिहिलं, गळा गेलाय, कान आहेत. तेव्हापासून हळू बोलतो.

लोचोला केळ्यात गोळी देऊ नका, त्याला ते माहीत आहे. भाकरीच्या पापुद्र्यात ठेवून वर जरा तूप लावा आणि आपण स्वतः खातो आहोत असं दाखवा. तुम्ही नको म्हटल्यावर तो हिसकून घेईल. तुमचे दादाही असेच होते, पथ्याचं काहीही यांना असंच द्यावं लागे.

सकाळी तो माझ्या दाराशी जाऊन बसतो का? खरं सांगा. मी तेवढ्यासाठीच ह्या सुया घेते आहे, हे तुम्हाला ठाऊक असावं. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझी वाट बघणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. प्राजक्ताचं घर भरलेलं आहे. तिला मी नसले तरी चालेल असं मी म्हणत नाही, पण चालेल.

स्टुडिओत त्याला फार वेळ उभं करू नका. मागचे पाय दुखतात त्याचे.

सुधा


सुरत, ५ डिसेंबर

ती. वहिनी,

भाकरीची युक्ती लागू पडली. आता तो मला घरातला सर्वांत भित्रा भिकारी समजतो.

बसतो, सकाळी तुमच्या दाराशी. फार वेळ नाही. मी खाली जाऊन हाक मारली की येतो. खोकला थंडीने थोडा वाढला आहे, डॉक्टरांनी गोळी दीड केली.

आता माझ्या अभ्यासाबद्दल. मला वाटत होतं की प्रकाश म्हणजे जितका जास्त तितकं ज्ञान. पहिल्या दिवशी मी लोचोवर तिन्ही दिवे लावले. पडद्यावर बघतो तर नाकाचा काळा ठिपका आणि दोन डोळे हवेत तरंगताहेत, बाकी कुत्रा मोक्षाला गेलेला. कुंदनभाई चहा पीत पीत म्हणाले, "सर, धोळो कूतरो छे. एने लाइट ओछी जोईए." पांढऱ्या जनावराला उजेड कमी लागतो. एक दिवा बाजूला, खांद्याच्या उंचीवर, पुढे कापडाची मोठी चौकोनी पेटी लावलेला, म्हणजे उजेड केसांवरून घसरत जातो आणि प्रत्येक केसाला स्वतःची सावली मिळते. दुसऱ्या बाजूला दिवा नाही, नुसता थर्मोकोलचा पांढरा तुकडा, पडलेला उजेड परत पाठवायला. मागे राखाडी कापड. ते पूर्वी बनारसी साड्यांसाठी होतं. झगकन उडणारे फ्लॅशचे दिवे आम्ही वापरत नाही, कुत्री दचकतात. कुंदनभाई शाकाहारी, त्यामुळे सुरतेतले अल्सेशियनदेखील इथे खाखऱ्याच्या तुकड्यावर बसायला शिकले आहेत.

लोचोच्या चार बैठका झाल्या. पाय दुखतात म्हणून खाली गादी घालतो आणि त्याला पडून राहू देतो. कॅमेराच जमिनीवर ठेवतो, मीही जमिनीवर. उठताना कुंदनभाईंना हात द्यावा लागतो. ढिगाने फोटो झाले आहेत, राखाडी कापडावर, निळ्यावर, खिडकीशी, वेताच्या खुर्चीत. एकात तो असा बघतो आहे, जणू मी व्याकरणात चुकलो आहे.

दुपारी संगणकावरचं काम. गळ्यातला पट्टा पुसायचा, डोळ्याखालचे तांबडे डाग काढायचे, शेजारी मालकाचा हात आला असेल तर तो कापून तिथे कापड पसरायचं. आमच्या शास्त्रात मूळ पोथीत कोणी ओळी घुसडल्या तर त्याला प्रक्षेप म्हणतात आणि नाक मुरडतात. इथे त्यालाच कौशल्य म्हणतात आणि शिकवतात.

एक गोष्ट सांगतो. इथली निम्मी कामं गेलेल्या प्राण्यांची असतात. माणसासारखंच त्यांचंही बेसणं करतात, लोक पांढऱ्या कपड्यांत येऊन तासभर बसतात, समोर मोठा फोटो, त्याच्या कोपऱ्यात छापलेला दिवा. परवा एका घरातून पोपटाचा फोटो आला. मेल्यावर काढलेला एकच. डोळे मिटलेले. मला ते उघडायचे होते. दुसऱ्या पोपटाचा डोळा आणून बसवला, त्यात उजेडाचा बारीक ठिपका ठेवला. ठिपका नसेल तर डोळा उघडा असूनही मेलेलाच दिसतो. त्या घरची म्हातारी फोटो घेऊन म्हणाली, हो, असाच बघायचा.

औषध घेताय ना? खोली झाडली.

मुकुंद


नाशिक, १४ डिसेंबर, दत्तजयंती

भाऊजी,

दुपारी कुरिअर आलं.

पांढरं पाकीट बघूनच समजलं. पस्तीस वर्षं सुरतेत काढली, बँकेच्या खातेदारांच्या किती बेसण्यांना गेले असेन. आत लोचोचा फोटो, खाली डाव्या कोपऱ्यात दिवा. सोबत एक ओळही नाही. तुमच्यासारख्या माणसाला एक ओळ लिहिता आली नाही, यावरूनच कळतं काय झालं असेल. तुम्हाला दोष देत नाही. मलाही सांगता आलं नसतं.

फोटो सुंदर आहे. तुम्ही शिकलात. मानेवरचा केस अन् केस दिसतो.

प्राजक्ता तुम्हाला फोन करणार होती. मी करू दिला नाही. कधी, कसा, हे आत्ता ऐकायचं नाही. तो दत्तजयंतीलाच घरी आला होता, हे तुमच्या लक्षात असेल.

आता एक सांगते, ते नीट ऐकून घ्या आणि उलट पत्री शहाणपण करू नका. फुप्फुसातही उतरलंय, हे ऑक्टोबरातच कळलं होतं. तुम्हाला कळवायचं नाही असं मीच प्राजक्ताला बजावलं होतं. सुयांनी काही महिने मिळतील, एवढंच डॉक्टरांचं म्हणणं. ते महिने मला दारात बसलेल्याकडे परत जायला हवे होते. आता नकोत. पुढची सुई सोमवारी आहे. ती घेणार नाही. किती दिवसांनी आज शांत झोप लागेल असं वाटतं.

माझ्या खोलीतल्या त्याच्या वाट्या धुऊन कोणाला तरी देऊन टाका.

सुधा


सुरत, १७ डिसेंबर

वहिनी,

काल संध्याकाळी तुमचं पत्र आलं. तेव्हाच प्राजक्ताला फोन केला, तिने तुम्हाला सांगितलं असेलच. तरी लिहितो, कारण लिहिलेलं वाचलं नाही असं म्हणता येत नाही.

लोचो जिवंत आहे. हे लिहिताना तो माझ्या डाव्या पायावर झोपला आहे आणि पाय बधिर झाला आहे.

मूर्खपणा माझा. दत्तजयंती त्याचा वाढदिवस. घरात बाई माणूस नाही, औक्षण कोण करणार? मी ठरवलं, फोटोतच निरांजन ठेवू. कोपऱ्यात दिवा बसवला, ज्योत नीट दोन तास रंगवली, मला ती फार जमली असं वाटलं. बेसण्याच्या फोटोंत तसाच दिवा असतो हे मी रोज उघड्या डोळ्यांनी बघतो. पण हात स्टुडिओत होता आणि डोकं आपल्या देवघरात. सोबतची चिठ्ठी टेबलावरच राहून गेली. पाकीट स्टुडिओचं, तिथे पांढरीच असतात. कुंदनभाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला आणि बराच वेळ काढलाच नाही.

फुप्फुसाचं वाचलं. तुम्ही शहाणपण करू नका म्हणालात म्हणून करत नाही. फक्त एवढंच, की ज्याच्यासाठी तुम्ही सुया घेत होतात तो इथे आहे, त्याने सकाळी अर्धी भाकरी खाल्ली, आणि तुमच्या दाराशीही जाऊन आला. सोमवार उलटून गेला आहे. सुई पुढे ढकलता येते असं प्राजक्ता म्हणाली.

वाट्या धुतल्या आहेत. कोणाला दिलेल्या नाहीत.

मुकुंद


नाशिक, २ जानेवारी २०२५

भाऊजी,

उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. दोन दिवस तर मला तो जिवंत असल्याचा रागच आला होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आवराआवर झाली होती माझी. गाठोडं बांधून फलाटावर बसावं आणि कोणी येऊन म्हणावं, गाडी रद्द, घरी चला, तसं झालं.

तिसऱ्या दिवशी तुमच्या त्या दिव्याचं हसू आलं. हसले की घशाच्या भोकातून शिट्टी वाजते. प्राजक्ता धावत आली. तिला वाटलं, गुदमरले. तिला पाटीवर सगळं लिहून दाखवलं तर तीही हसली आणि मग रडली.

तो आहे तोवर सुया घेईन. हा शब्द. पण तुमच्याकडूनही शब्द हवा, की तो नसेल तेव्हा तुम्ही मला दिवा लावूनच कळवाल. आता मला तो समजतो.

फोटो पाठवत राहा. कागदावरचे. मोबाईलवरचा फोटो बोट लागलं की निघून जातो, हा रात्रभर उशीशी असतो.

सुधा


सुरत, ९ फेब्रुवारी

ती. वहिनी,

सोबत नवे दोन फोटो. एक खुर्चीतला, एक खिडकीशी. दिवे लावलेले नाहीत, कोपरे तपासून घ्यावेत.

महिनाभर लिहिलं नाही, त्याचं कारण काम. कुंदनभाई आता अवघड जनावरं माझ्याकडे सोपवतात. एका हिरेवाल्यांची काळी मांजर आली होती. पांढऱ्याच्या नेमकं उलट, काळ्यावर कितीही उजेड ओता, पिऊन टाकते. शेवटी दिवा तिच्या मागे लावला, कानांच्या आणि पाठीच्या कडेने उजेडाची एक रेघ ओढली, बाकी अंधार तसाच राहू दिला. कुंदनभाई म्हणाले, आ बरोबर. मांजर दाखवायचं नसतं, मांजर आहे एवढंच कळवायचं असतं.

संगणकावरही हात बसला आहे. एकाच फोटोतला उजेड सकाळचा दुपारी करता येतो, दुपारचा संध्याकाळी. सावली लांब करायची, रंग जरा पिवळा. मागचं कापड बदललं की कोणाला ओळखू येत नाही.

लोचो ठीक. तुमच्या सुया व्यवस्थित चालू असतील. शब्द दिलाय तुम्ही.

मुकुंद


नाशिक, ८ मार्च

भाऊजी,

फोटो मिळाले. सुया चालू आहेत. अंगात त्राण नसतं म्हणून पत्र लहान. त्याच्या खोकल्याचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. कमी असेल असं धरते.

प्राजक्ता हल्ली फार गप्प असते. तिला कधीमधी फोन करत जा.

सुधा


सुरत, २१ एप्रिल

ती. वहिनी,

कालचा ताजा फोटो पाठवतो आहे. तुमच्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी. चैत्रातलं सुरती ऊन म्हणजे तीन दिवे एकदम लावल्यासारखं. पण गॅलरीला पांढरी चादर बांधली आणि ऊन गाळून घेतलं. सावली बघा, कुंडीची आणि त्याची एकाच दिशेला, एकाच लांबीची. ह्यावर मी बराच जीव ओतला आहे, शाबासकीची अपेक्षा आहे.

खोकला नाही. शांत असतो. खोली झाडतो. तुम्ही कशा आहात, हे प्राजक्ता नीट सांगत नाही, बरं आहे म्हणते आणि फोन ठेवते.

मुकुंद


नाशिक, ५ मे

भाऊजी,

शाबासकी देते. सावल्या बरोबर आहेत. उजेड बरोबर आहे. मी भिंग घेऊन बघितला.

पण तुम्ही कधी त्याला विंचरलेलं नाही. होळी झाली की त्याच्या मानेवरची लोकर गुच्छागुच्छाने गळते. मी दरवर्षी गॅलरीत बसून काढते, चिमण्या येऊन घरट्यासाठी घेऊन जातात. चैत्र सरता सरता तो कानांखाली उघडा पडतो, उंदराच्या पिलासारखा दिसतो, त्याला लाज वाटते म्हणून पाहुणे आले की पलंगाखाली बसतो. तुमच्या फोटोत त्याच्या गळ्यात मार्गशीर्षातली लोकर आहे.

प्राजक्ताला विचारलं. ती रडली. तिने सांगितलं, तो जानेवारीअखेरच गेला. तुम्हीच तिला फोन करून शपथ घातलीत.

रागावले नाही. रागावायला जागाच ठेवलेली नाही मी. तुम्ही मला लपवलंत तेव्हा मीही तुम्हाला लपवत होते. जानेवारीत एक सुई झाली, त्यानंतर झाली नाही. रक्तच भरेना. डॉक्टर माझ्याशी अगदी हळू बोलला, त्यावरूनच कळलं. घेण्यासारखं काही राहिलं नाही म्हणाला. ही शपथही प्राजक्तालाच. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही दिवे विझवून बसला असतात, आणि तुम्ही आत्ता कुठे काहीतरी शिकत होतात. त्या पोरीने तीन महिने दोघांचं खोटं पदराआड धरलं. तिची माफी मी मागितली आहे, तुम्हीही मागा.

आता फोटो नको. आता कळवा. पूर्वी ऐकायचं नव्हतं, आता ऐकायचं आहे, आणि का ते तुम्हाला समजेल. त्याला त्रास झाला का? जवळ कोणी होतं का? मला शोधलं का त्याने? यातलं काही पुसू नका.

सुधा


सुरत, ८ मे

वहिनी,

तुम्ही विचारलंत त्याच क्रमाने लिहितो.

त्रास झाला. आधीचे आठ-दहा दिवस झाला. खोकल्याची उबळ आली की पुढचे पाय फाकवून, मान लांब करून उभा राहायचा, आडवा पडला की श्वास पुरत नसे. मी उशा लावून त्याला टेकवून बसवत होतो. डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं, त्याने दोन दिवस बरं वाटलं. मग परत. खाणं सुटलं. भाकरी मी स्वतः खातो आहे असं दाखवलं, त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला खाऊ दिली.

शेवटचा दिवस मात्र तसा नव्हता. मी त्याची भीती घेऊन बसलो होतो आणि ती फुकट गेली. सकाळपासून उबळच आली नाही. दमला होता, दुसरं काही नाही. दुपारी ऊन गॅलरीतून आत आलं तेव्हा आपण होऊन आडवा झाला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. श्वास लहान झाले. मग दोन श्वासांमधली जागा मोठी होत गेली. मला दर वेळी वाटे, आता पुढचा नाही, आणि तो यायचा. मग एकदा आला नाही. कोणता शेवटचा होता ते मला त्या वेळी कळलंच नाही, बराच वेळ बसून राहिल्यावर कळलं. त्यालाही कळलं नसावं.

जवळ मी होतो. त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून जमिनीवर बसलो होतो. बोलत होतो. काय, ते आठवत नाही. बहुधा रूपं म्हणत होतो, पाठ असलेली, देवः देवौ देवाः. मुलांना घाबरवायला मी तीच वापरत असे. पण आवाज सलग चालू राहतो, थांबून विचार करावा लागत नाही. त्याचा एक कान शेवटपर्यंत माझ्याकडे वळलेला होता.

शोधलं. तुम्ही पुसू नका म्हणालात. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी तो तुमच्या दाराशी बसे, आणि मी तुम्हाला फार वेळ नाही असं लिहिलं होतं ते खोटं होतं. फार वेळ बसे. हाक मारून येत नसे, उचलून आणावा लागे. जानेवारीच्या मध्यापासून जिना उतरवेना, तेव्हा मी त्याला खाली नेऊन बसवत होतो. शेवटच्या आठवड्यात दाराशी नेलं तर त्याने दाराकडे पाठ केली आणि माझ्या पायावर हनुवटी ठेवली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, तुमच्या वतीने. नंतर वाटलं की तो रागावला नव्हता. त्याचं शोधणं पुरं झालं होतं. जो समोर होता त्याच्यापाशी तो टेकला.

कुंदनभाई गाडी घेऊन आले. बारडोलीकडे त्यांच्या मेव्हण्याचं शेत आहे, तिथे उसाच्या कडेला त्याला ठेवला. निघण्यापूर्वी ते म्हणाले, "सर, एक छेल्लो फोटो?" मी शेवटचा फोटो नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. परतताना त्यांनी बेसण्याबद्दल विचारलं. मी तेही नको म्हटलं, कारण मग तुम्हाला कळवावं लागलं असतं. आणि तुम्ही शब्द दिला होतात, की तो आहे तोवर. मला तो शब्द संपू द्यायचा नव्हता. एवढंच होतं माझ्या त्या सावल्यांमागे. आज कळतं की जानेवारीपासून मी ज्या सुयांची राखण करत होतो त्या नव्हत्याच.

प्राजक्ताला काल फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, काका, आता या.

शनिवारी सकाळी सापुतारामार्गे जाणाऱ्या बसने निघतो, दुपारी नाशिकला असेन. परतीचं तिकीट काढलेलं नाही. कुंदनभाईंना सांगितलं आहे, ते म्हणाले दिवे कुठे जात नाहीत. कॅमेरा आणत नाही. तुम्हाला भिंतीकडे तोंड करून पडायचं असेल तर पडा, मी पलंगाशेजारी जमिनीवर बसेन, सवय झाली आहे. तुम्हाला लिहवेल तेवढं लिहा. नाही लिहवलं तर मी बोलत राहीन. कंटाळा आला की हात उचला, थांबेन.

तुमचा
मुकुंद